हळदीच्या गाण्यांची सीडी

कोणी "पक्का रंग" म्हणालं की माझं डोकं फिरतं. ही नोकरीतून लागलेली खोड आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी होते. रंग किती पक्का आहे ते बघणं हेच माझं काम. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्यायची, अर्धी काळ्या कागदाखाली झाकायची आणि गच्चीवर उन्हात ठेवून द्यायची. काही आठवड्यांनी कागद काढला की पट्टीवर रेघ उमटलेली दिसते. झाकलेला भाग जसाच्या तसा, उघडा भाग फिका. रेघ जितकी ठळक तितका रंग कच्चा. इतक्या वर्षांत रेघ अजिबात उमटली नाही असा रंग मी क्वचितच पाहिला, आणि आमचे विक्रीवाले तर प्रत्येक रंगाला पक्का म्हणत.

म्हणून नव्वदीच्या शेवटी शेवटी बोईसरच्या बाजारातला कॉम्प्युटरवाला जेव्हा काउंटरवर सीड्यांचा डबा आपटून म्हणाला, "मॅडम, ये रखो, सौ साल कुछ नहीं होगा," तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. तरी मी ऐकून घेतलं. कारण माझ्या पर्समध्ये मावशीची कॅसेट होती आणि मी अडलेली होते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. ती माहीमची. माहीम म्हणजे केळव्याजवळचं, आमचं; मुंबईचं नव्हे. हे वाक्य मी जन्मभर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की त्याचाही मला वैताग येतो. मावशीच्या घरी नारळ-चिकूची वाडी, मागे पानवेली, आणि मावशीला गळा. आजूबाजूच्या कुठल्याही घरात लग्न निघालं की हळदीच्या गाण्यांसाठी मावशीला आधी सांगून यायचे, मग मांडववाल्याकडे जायचे. हळद कोणी आणली, कोणी दळली, पानं कुणाच्या वाडीतली, असं एकेक विचारत गाणं पुढे सरकायचं आणि शेवटी नवरीच्या नावावर येऊन थांबायचं. ते नाव मावशी अशा काही लाडाने घ्यायची की पाटावरची मुलगी हमखास रडायला लागे. पोरींना रडवायची तिची ख्यातीच होती.

मात्र ही गाणी एरवी तिच्या तोंडून निघत नसत. लहानपणी ती भाजी चिरत बसली असताना मी किती वेळा मागे लागले असेन. ती विळीवरून मान न उचलता म्हणायची, "कोणाची हळद हाय आज? नाय ना? मग गप बस." अंगाला हळद लागल्याशिवाय हळदीचं गाणं म्हणायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मला तो तेव्हाही पटला नव्हता. गाणं ते गाणं, असं मी म्हणायची आणि पाठीत धपाटा खायची.

तिचं गाणं माझ्याजवळ राहिलं ते मावसबहिणीच्या लग्नामुळे. पंचाऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नुकती नोकरीला लागले होते आणि पहिल्या कमाईतून टेपरेकॉर्डर घेतला होता. मावसबहीण पाटावर बसली, मी मांडवाच्या खांबाला टेप टांगला आणि बटण दाबलं. भांड्यांचा आवाज, पोरांचा कालवा, कुत्र्याचं भुंकणं, सगळं त्यात आलं आणि सगळ्याच्या वर मावशीचा गळा आला. पुढे मावसबहीण गुजरातेत नांदायला गेली. कॅसेट माझ्याकडे राहिली.

नंतर मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाजही गेला. बोलली तर नुसती हवा. शब्द ओळखू यायचे, पण त्यांना आवाज नसे. अशी ती ओट्यावर बसून सुपारी कातरायची आणि बोलवायला आलेल्या बायकांना हाताने 'नाही' म्हणायची. मला ते बघवत नसे.

एवढ्यात एका रविवारी मी कॅसेट काढून बघितली तर पट्टीवर पांढरट बुरशी. समुद्राच्या हवेत दुसरं काय होणार? टेप लावला तर मावशीचा आवाज मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा बुडत होता. प्रत्येक वेळी वाजवलं की थोडा आणखी बुडायचा. मावशीचा गळा आता जगात फक्त या एका कॅसेटवर होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. म्हणून मी सीडीच्या नादाला लागले.

आता त्या दुकानाबद्दल. कॉम्प्युटरवाल्याकडे तीन तऱ्हेच्या कोऱ्या सीड्या होत्या. एकीची खालची बाजू निळीशार, एकीची हिरवट, एकीची फिकट सोनेरी. मी विचारलं, हा रंग कशाचा? तो अभिमानाने म्हणाला, "मॅडम, अंदर कलर की लेयर रहती है. लेझर उसको जलाता है, तो गाना लिखा जाता है."

म्हणजे आत रंग! मला हसावं की त्याच्या डोक्यात तो डबा घालावा ते कळेना. मी दिवसभर रंग उडताना बघते, घरी जाताना कपड्यांना रंगाचा वास घेऊन जाते, आणि आता माझ्या मावशीचा आवाज पुन्हा रंगावरच लिहायचा. मी विचारलं, हा रंग उन्हात किती टिकतो? तो म्हणाला, "धूप में क्यूँ रखोगे, मॅडम?" मी म्हटलं, उन्हात कुणी ठेवत नाही रे, पण कुठला रंग कच्चा ते ऊनच सांगतं. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. अवघड गिऱ्हाईक आलं की तो चहा ठेवायचा.

मी तिन्हींतली एकेक सीडी घेतली, तिच्यावर रेडिओवरून टेप केलेलं काहीतरी लिहून घेतलं आणि कारखान्याच्या गच्चीवर कापडाच्या पट्ट्यांशेजारी मांडली. खालची बाजू वर, अर्ध्यावर काळा कागद. आमचे साहेब एकदा वर आले आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, नवीन ग्राहकाचे नमुने. साहेब मान डोलावून खाली गेले.

कागद काढला तेव्हा निळीवर रेघ इतकी ठळक होती की लांबून दिसावी. सीडी प्लेअरला लावली तर नुसता खरखराट. हिरवटीवर पुसट रेघ आणि गाणं अडखळत चाललेलं. सोनेरीवर मात्र मी चष्मा चढवून, तिरकी धरून, खिडकीशी नेऊन पाहिलं, रेघ नाही. वाजलीही व्यवस्थित. मला इतका आनंद झाला की मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना भजी मागवली.

तो आनंद दुकानात पोहोचेपर्यंत टिकला. मी सोनेरी मागितली. त्याने तोच डबा काढला, तेच चित्र, तोच कागद. आत सीडी हिरवट. मी म्हटलं, ही ती नव्हे. तो म्हणाला, "वही है, मॅडम. डब्बा देखो." मी म्हटलं, डब्यावर गाणं लिहायचं आहे का मला? बॅच कुठली? त्यावर तो खरोखर दुखावल्यासारखा म्हणाला, "मॅडम, सीडी है, दवाई थोड़ी है." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वेष्टन तेच ठेवून आतला माल बदलायचा, हा उद्योग आमच्या वसाहतीत कुणी केला असता तर ट्रक परत आला असता. इथे मात्र सगळे खुशाल विकत होते आणि लोक खुशाल घेत होते. पुढचे कित्येक शनिवार मी बोईसर आणि पालघरच्या दुकानांतून डबे उघडून बघत फिरले. दुकानदार मला बघून गल्ल्यामागे वाकायला लागले. शेवटी पालघरच्या एका फोटो स्टुडिओत जुन्या मालातल्या काही सोनेरी सीड्या धूळ खात पडलेल्या सापडल्या. होत्या तेवढ्या मी उचलल्या.

मग लिहिण्याचं नाटक सुरू झालं. सीडी लिहिताना मध्ये जरासा खंड पडला की ती सीडी मेली. पुसून पुन्हा लिहायची सोय नाही. आणि वीज होती आमच्या बोईसरची. जवळच तारापूरला अणुवीज केंद्र, सगळ्या देशाला त्याचं कौतुक, आणि आमच्या बाजारात समोरच्या वर्कशॉपने मोटार चालू केली की दिवे मिचमिचे व्हायचे. माझी पहिली सोनेरी सीडी अर्ध्यावर गेली, दुसरी अगदी शेवटी गेली. कॉम्प्युटरवाला मेलेली सीडी काढून चहाच्या कपाखाली ठेवायचा आणि मी डोकं धरून बसायची. इतक्या उन्हातान्हातून शोधून आणलेला माल हा माणूस कपाखाली घालत होता! शेवटी एका दुपारी वर्कशॉपला सुट्टी असताना दोन सीड्या नीट लिहिल्या गेल्या. लगेच पडताळायला म्हणून कॅसेट पुन्हा लावली आणि त्याच्या टेपने ती गिळली. पट्टी चुरगळून, तुटून बाहेर आली. कॉम्प्युटरमधली गाण्याची फाइल तर त्याने जागा अडते म्हणून सीड्या निघाल्या निघाल्या पुसली होती. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण दोन सीड्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बॅचचा एक नमुना अंधाऱ्या कपाटात राखून ठेवत असत, त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणायचे. ग्राहकाची तक्रार आली तरच ते उघडायचं, एरवी हात लावायचा नाही. मी एक सीडी काळ्या कागदात गुंडाळून त्या कपाटात ठेवली. दुसरी, आणि तिच्याबरोबर एक नवा सीडी वाजवणारा टेप, घेऊन एस.टी.ने माहीमला गेले.

मावशीला ओट्यावर बसवलं, तिच्या यजमानांना, म्हणजे काकांना, बोलावलं आणि सीडी लावली. भांड्यांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं आणि मावशीचा गळा लागला. ती दचकली. डोळे भरले. मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. तिने हात लांब केला आणि टेप बंद केला.

"काय झालं?" मी विचारलं. तिने मान हलवली आणि उठून आत गेली. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बाय. तिला सोसवत नसंल." मी परत बोईसरला आले ती धुमसत. एवढ्या खटपटीनंतर दोन मिनिटंही ऐकू नये? मी रागाने काही दिवस फोनसुद्धा केला नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा काका म्हणाले, ती रोज दुपारी ऐकते. मला हायसं वाटलं. मी टेपचं झाकण उघडलं आणि आतली सीडी हातात घेतली. सीडीतून पलीकडची माझी बोटं दिसत होती. वरचा चकचकीत पत्रा साफ निघून गेलेला, कडेला थोडी चंदेरी कपची उरलेली आणि मधल्या भोकाभोवती पिवळा डाग. मला क्षणभर काही कळलंच नाही. उन्हात असं होत नाही. दमट हवेतही इतक्या लवकर होत नाही. मी वास घेतला. चिंच.

"हे काय केलंस?" मी ओरडले. शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली, इतक्या जोरात.

मावशीने मला खुणेने खाली बसवलं आणि आपल्या त्या हवेच्या आवाजात सांगितलं. गाणं हळदीचं आहे. ते वाजायच्या आधी हळद लागली पाहिजे. म्हणून ती रोज सीडीला ओली हळद लावायची, मग गाणं ऐकायची, आणि ऐकून झालं की देवाच्या तांब्यासारखी चिंचेने घासून, पुसून परत ठेवायची. बरेच दिवस वाजली. मग वाजेनाशी झाली.

"खालच्या बाजूला गाणं हाय असं तू म्हणालीस," ती म्हणाली. "खाली मी बोट नाय लावलं. वरतीच लावली."

मी कपाळावर हात मारून घेतला. पत्रा वरच्याच बाजूला असतो, वर नुसता वार्निशचा हात असतो, हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण चिंचेने घासू नकोस हे कुणाला कधी सांगावं लागतं का? ऊन तपासलं मी, दुकानं पालथी घातली, वीज सांभाळली. हळद आणि चिंच तपासायचं जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेला सुचलं असतं? मी हे सगळं तिला बोलले. रिवाज रिवाज करून तूच तुझा आवाज घासून टाकलास, असंही बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग हळद कोणाला लावू? घरात कोण हाय?"

मी आणखी चिडले आणि चहा न पिता निघाले.

कपाटातली सीडी आहे, तिची आणखी एक प्रत काढू, मग बघू, असं मी ठरवलं. दुकानात गेले तर त्याचा सीडी लिहिणारा ड्राइव्ह दुरुस्तीला मुंबईला गेलेला. कधी येणार? "आ जाएगा, मॅडम." मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायची, तो रोज हेच सांगायचा. तेवढ्यात काकांचा फोन आला. पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. गाठ परत आली होती आणि या वेळी ऑपरेशन करायचं नाही असं म्हणाले होते.

मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. तक्रार आली तरच उघडायचं असा नियम होता आणि तक्रार आलेली होती.

माहीमला पोहोचले तेव्हा मावशी खूपच वाळली होती, पण सीडी बघून तिचे डोळे चमकले आणि ती थेट स्वयंपाकघराकडे निघाली. मला माहीत होतं ती काय आणायला चालली आहे. मी आडवी गेले.

"हिला हळद लावायची नाही," मी म्हटलं. "ही शेवटची आहे. लावायचीच असेल तर मला लाव."

हे मी चिडून म्हटलं. तेवढ्यापुरतं, सीडी वाचवायला म्हटलं. मावशी थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझं लग्न झालं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एक-दोन स्थळं आली, जमलं नाही, मग मी जमवायचं सोडून दिलं आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मावशीला वाटायचं. पण तिने कधी तोंडाने काढलं नव्हतं.

तिने काकांना पाट मांडायला लावला. मी सीडी घालून झाकण लावलं आणि पाटावर बसले. केस पिकायला लागलेली बाई, अंगावर नोकरीची साडी. मला हसू येत होतं. मावशीने वाटीत हळद कालवली, आंब्याची पानं बुडवली आणि सुरुवात केली. पाय, गुडघे, खांदे, गाल, कपाळ. एकही जागा तिने सोडली नाही. मग तळहात. सगळं रीतसर झाल्यावर तिने टेपकडे बोट केलं. माझे हात भरलेले होते, म्हणून मी कोपराने बटण दाबलं.

भांडी वाजली, कुत्रं भुंकलं, गळा लागला. हळद कोणी आणली, कोणी दळली. मावशी माझ्यासमोर बसली होती आणि टेपमधल्या आवाजाबरोबर तिचे ओठ हलत होते. नुसते ओठ. गाणं शेवटाकडे आलं. टेपमधून मावसबहिणीचं नाव आलं, तसंच लाडाचं, लांबवलेलं. मी मावशीच्या ओठांकडे बघत होते. तिचे ओठ वेगळंच नाव घेत होते. ते माझं होतं.

ती पोरींना रडवायची, हे मी वर सांगितलंच आहे.

पुढचं गाणं सुरू झालं आणि मध्येच सीडी अडखळली. कट्, कट्, कट्. एरवी मी धावत उठून झाकण उघडलं असतं, सीडी तिरकी धरून बघितली असती, त्या कॉम्प्युटरवाल्याला चार शिव्या दिल्या असत्या. पण माझ्या दोन्ही हातांना ओली हळद होती आणि त्या हातांनी सीडीला शिवायचं नव्हतं. मी तशीच पाटावर बसून राहिले.